चैत्यभूमीच्या पुस्तिकांमधले समाजशास्त्र

दरवर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, चैत्यभूमीजवळ दादरच्या शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. अगदी कमी किमतीच्या पुस्तिका, भीमगीतांच्या सीडी, बाबासाहेबांची भाषणे. वर्तमानपत्रांत बातमी येते ती गर्दीची, आणि कित्येक अभ्यासकांनाही या गर्दीत भाबड्या भक्तीपलीकडे काही दिसले नव्हते. शर्मिला रेगे यांना तिथे वाचणारा, गाणारा, वाद घालणारा समाज दिसला. २००८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी लिहिलेला लेख याच पुस्तिका आणि गायन पार्ट्यांवर आहे. विद्यापीठाबाहेर लोक आपला इतिहास स्वतः कसा रचतात, हे त्यात त्यांनी मांडले.

रेगे पुणे विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, तिथल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुखही होत्या. १३ जुलै २०१३ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, त्या गेल्या. त्यांच्या कामाचे मोठेपण मला सिद्धांताइतकेच साधनांच्या निवडीत दिसते.

लावणीचेच घ्या. उत्तर पेशवाईत लावणी बहरली, हे आपण शाळेपासून ऐकतो. ती कोणाच्या श्रमावर बहरली, हा प्रश्न रेगे यांनी १९९५ मधल्या लेखात विचारला. पेशवाईतली कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री, नाटकशाळा आणि फडावर नाचणाऱ्या स्त्रियांची जात त्यांनी एकत्र मांडली. ब्राह्मण स्त्रीचे सोवळेपण आणि ‘खालच्या’ मानलेल्या जातींतल्या स्त्रीचे कथित चंचलपण या दोन प्रतिमा एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या, असे त्यांचे म्हणणे होते. हे वाचल्यावर शृंगारिक लावणी पूर्वीच्या निश्चिंतपणे ऐकता येत नाही.

दलित स्त्रीवादी भूमिका मांडणारा त्यांचा १९९८ चा लेख तर देशभरातल्या स्त्री अभ्यासाला वळण देणारा ठरला. त्याआधी, १९९५ मध्ये, राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे बोलतात, असा मुद्दा मांडला होता. रेगे यांनी तो पुढे नेला. १९७० नंतरच्या चळवळींत ‘स्त्री’ म्हटले की सवर्ण स्त्री आणि ‘दलित’ म्हटले की पुरुष, असे गृहीत धरले गेले. दलित स्त्री दोन्हीकडून निसटली. पण ‘त्यांचे त्या बोलतील’ एवढे म्हणून इतरांनी हात झटकायचे, हेही त्यांना मान्य नव्हते. दलित स्त्रीच्या जागेवरून समाजाकडे पाहायला कुणीही शिकू शकते. मात्र त्यासाठी स्वतःला बदलावे लागते आणि आपल्या जातीने दिलेल्या सवलतींचा हिशेब द्यावा लागतो. स्वतः दलित नसलेल्या संशोधक बाईने हे लिहिणे सोपे नव्हते. स्त्रीवादी अभ्यासक छाया दातार यांनी त्यावर आक्षेप घेतले, रेगे यांनी उत्तर दिले. दलित नसलेल्यांनी या जागेवरून बोलावे का, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो घाईने मिटवू नये असे मला वाटते.

रेगे यांच्या या भूमिकेचा भरभक्कम पुरावा म्हणजे २००६ चे ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, शांताबाई दाणी, मुक्ता सर्वगोड, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार, जनाबाई गिऱ्हे आणि विमल मोरे या आठ जणींच्या आत्मकथनांतले उतारे इंग्रजीत आणून रेगे यांनी त्यांच्यावर विस्ताराने लिहिले. मराठी वाचकाने यांतली पुष्कळ पुस्तके हळहळत वाचली होती. बेबीताईंच्या ‘जिणं आमुचं’मध्ये भूक आहे, तशीच महारवाड्यातल्या सुनेची घरातली कोंडीही आहे, चळवळीने बायांना दिलेले बळ आहे आणि घरच्या पुरुषांबद्दलचे परखड बोलही आहेत. रेगे यांनी या लेखनाकडे दुःखाची कहाणी म्हणून पाहायचे नाकारले. एका बाईच्या ‘मी’मध्ये सगळी वस्ती बोलते, आणि जात व पुरुषसत्ता एकमेकींत कशा गुंतल्या आहेत याचे विश्लेषण ती बाई स्वतःच करत असते, हे त्यांनी ओळीओळीतून दाखवले.

मग त्या बाबासाहेबांकडे वळल्या. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा थेट संबंध जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमाशी जोडला होता. स्त्रीवर ताबा नसेल तर जात टिकत नाही, असा त्याचा अर्थ. रेगे यांच्या ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’ या २०१३ च्या ग्रंथाने हा निबंध, हिंदू कोड बिलासंबंधीचे लेखन आणि असेच इतर लेखन स्त्रीवादाचे मूलभूत वाङ्मय म्हणून समोर ठेवले. तोवर स्त्री अभ्यासाच्या मुख्य प्रवाहाने त्याकडे जवळजवळ पाठच फिरवली होती.

वर्गातही त्यांचा हाच आग्रह होता. जोतीराव फुल्यांच्या १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचा धागा धरून २०१० मध्ये त्यांनी अध्यापनावर लिहिले. खेड्यापाड्यांतून, मराठी माध्यमातून, घरातली पहिलीच पिढी म्हणून मुले विद्यापीठात आली की ‘दर्जा घसरला’ अशी कुजबुज सुरू होते. रेगे यांनी तो दोष मुलांच्या माथी न मारता अभ्यासक्रमाकडे बोट दाखवले: या मुलांच्या घरी, वस्तीत आणि जलशांत जे ज्ञान आहे, त्याला वाचन-यादीत जागा का नाही?