डेक्कन जिमखाना : क्रीडासंस्थेच्या इतिहासातील अर्थकारण

स्थानिक क्रीडासंस्थेचा इतिहास म्हणजे केवळ जयपराजयांची जंत्री नव्हे. खेळण्याची सवड कोणास मिळते आणि तिचे मोल कोण देतो, हा त्यातील मूलभूत प्रश्न होय. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील रग्बी संघ मूळ संघटनेतून फुटले, ते खेळापायी बुडणारी मजुरी भरून द्यावी की नाही याच वादातून. १९०८ मध्ये सिडनीत सुरू झालेल्या रग्बी लीगच्या मुळाशीही जायबंदी खेळाडूंच्या भरपाईचा प्रश्न होता.

पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. रीतसर शिक्षण नसताही त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळपास असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ गेला. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. मात्र हा प्रवास टाटांच्या द्रव्यसाहाय्यावाचून घडणे कठीण होते.

सिडनीच्या खेळाडूंनी भरपाई हक्क म्हणून मागितली. आपल्याकडे तिची जागा दात्याच्या औदार्याने घेतली. हा भेद लक्षणीय आहे. औदार्याने संघ परदेशी जातो. परंतु खेळाडूच्या घरची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

१८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभारलेल्या सोलापुरातील तालमींचा अभ्यास करतानाही प्रथम हाच प्रश्न विचारावयास हवा : पाळी संपवून आखाड्यात उतरणाऱ्या कामगाराचा खुराक कोण पुरवीत असे?