केडगावचे मुक्ती मिशन : श्रद्धेतून मिळालेला मान

माणसाचे मोल त्याच्या जातीवर, मिळकतीवर किंवा लोकांच्या मतावर ठरत नाही, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ धारणा आहे. देवाने स्त्री आणि पुरुष दोघांनाही आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, असे बायबलच्या पहिल्याच पुस्तकात सांगितले आहे. शुभवर्तमानांतला येशू जकातदार, कुष्ठरोगी आणि समाजाने दूर सारलेल्या स्त्रिया यांच्यात वावरतो. प्रेषित पौल मंडळीला, म्हणजे चर्चला, शरीराची उपमा देतो आणि दुर्बल वाटणारे अवयवही तितकेच आवश्यक आहेत, असे बजावतो. प्रत्येक जीव मोलाचा आहे आणि कोणीही एकटा नाही, या दोन गोष्टी या शिकवणीत बरोबरीने येतात. त्या प्रत्यक्ष व्यवहारात कशा उतरू शकतात, हे पुणे जिल्ह्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी उभ्या केलेल्या मुक्ती मिशनच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. आई-वडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला आणि 1882मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. लहानगी मुलगी मनोरमा हिला घेऊन रमाबाई 1883मध्ये इंग्लंडला पोहोचल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले एक आश्रयगृह दाखवले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया तिथे मायेने सांभाळल्या जात होत्या. इतकेच नव्हे, तर त्यांतल्या काही जणी पुढे दुसऱ्यांच्या सेवेला लागल्या होत्या. हे कशामुळे घडते, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची बायबलमधली कथा वाचून दाखवली. त्या कथेने आपल्यावर केलेला परिणाम त्यांनी ‘माझी साक्ष’ या पुस्तकात नोंदवला आहे. त्याच वर्षी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

भारतात परतल्यावर 1889मध्ये त्यांनी मुंबईत विधवा व मुलींसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, निराधार झालेल्या शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांना आसरा मिळाला तो केडगावच्या माळावर. पुढे गुजरातच्या दुष्काळातूनही अनेक जणी आल्या आणि 1900च्या सुमारास तिथल्या रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

एवढ्या जणींना दोन वेळचे जेवण देणे हेच मोठे काम होते. रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ आणि वृद्ध व अपंगांसाठी ‘प्रीती सदन’ निघाले. अंध मुली व स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय झाली. त्यात मनोरमाबाईंचा पुढाकार होता. शेती, दुग्धालय, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रियांनीच चालवली. शिकलेली मुलगी पुढे नव्या मुलीला शिकवू लागे. ज्या विधवेला सासरी अपशकुनी ठरवले गेले होते, तिच्यावर इथे एखाद्या विभागाची जबाबदारी येऊ शकत होती. नुसत्या दयेने पोट भरते, पण मान मिळायला आपली कोणाला तरी गरज आहे हे अनुभवावे लागते. केडगावच्या रचनेत हा अनुभव रोजच्या कामातून येत होता.

या रचनेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे रमाबाईंचे मराठी बायबल. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल असा अनुवाद व्हावा, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे त्यांनी हे काम एकहाती पेलले. ते छापले गेले मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या आणि 1924मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला. त्या काळी ज्यांना अक्षरही शिकवले जात नव्हते, अशा बायकांनी एक अख्खा धर्मग्रंथ खिळा खिळा जुळवून छापला.

मान कामातून मिळतो, तसा आपलेपणाला उपासनेचाही आधार असतो. मराठी मंडळीत सारे एका प्रभुभोजनात सहभागी होतात, आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना होते, सामान्य माणूसही उभा राहून आपली साक्ष देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या उपासनेला अभंग-भजनांची चाल दिली, त्यामुळे ख्रिस्ती भक्ती मराठी माणसाला परकी राहिली नाही.

या आपलेपणाची किंमतही मोजावी लागली. शारदा सदनातील मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो, या आरोपावरून 1893मध्ये पुण्यात वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. 1895मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षे दुरावले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही ताटातूट आणि स्वतःच्या मनातून हळूहळू गळून पडलेली सोवळ्याओवळ्याची बंधने मोकळेपणाने सांगितली आहेत. मंडळ्यांतूनही जातिभेद पूर्णपणे गेला नाही. शिवाय 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. शिकवण कितीही उदात्त असली, तरी ती पाळणारी माणसे आपल्या काळाच्या सवयी बरोबर घेऊनच येतात.

तरीही मुक्ती मिशनचे काम शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि निराधार स्त्रिया व मुलांना तिथे आजही आसरा मिळतो. माणसाला तो मोलाचा आहे असे सांगितल्यावर त्याला घर, शिक्षण, काम आणि पंगतीत जागाही द्यावी लागते. रमाबाईंनी ते करून दाखवले. कोणत्याही मंडळीची, कोणत्याही समाजाची पारख याच कसोटीवर व्हायला हवी.