पैसा किती, यापेक्षा कुणाकडून? – रग्बी लीगची सव्वाशे वर्षं

मागच्या व्याख्यानात आपण काम आणि खेळ यांच्यातला फरक पाहिला. शेवटी एक प्रश्न आला होता, तो आज घेऊ. खेळात पैसा आला की खेळ बिघडतो का? आपल्याकडे हे वाक्य क्रिकेटविषयी रोज ऐकू येतं. पण क्रिकेटवर बोलायला लागलो की आपण सगळेच थोडे पक्षपाती होतो. म्हणून आज जरा लांबचं उदाहरण घेऊ. उत्तर इंग्लंडचं आणि ऑस्ट्रेलियाचं. खेळ आहे रग्बी लीग. आम्ही हा खेळ कधी खेळलो नाही, हे आधीच सांगतो. पण पैशाच्या प्रश्नावरूनच जन्माला आलेला असा खेळ दुसरा सापडणं कठीण, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

सुरुवातीला रग्बी एकच होती. तिची सूत्रं लंडनकडच्या सुखवस्तू मंडळींच्या हातात होती, आणि त्यांचा नियम होता की खेळण्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत. ऐकायला किती उदात्त! पण यॉर्कशर आणि लँकशरमधले खेळाडू होते गिरणी कामगार, खाण कामगार. त्या काळी शनिवारीही अर्धा दिवस काम असायचं. सामन्याला बाहेरगावी जायचं म्हणजे पाळी बुडवायची आणि मजुरी सोडायची. या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या, एवढीच उत्तरेतल्या क्लबांची मागणी होती. तिला 'ब्रोकन टाइम' म्हणत. १८९३ मध्ये ती मताला टाकली गेली आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि वेगळे झाले. पहिल्या मोसमात २२ क्लब होते. भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग.

इथे जरा थांबा. 'खेळ पैशासाठी नसतो' हे तत्त्व कोण सांगत होतं? ज्याला शनिवारची मजुरी बुडण्याची भीती नव्हती तो. म्हणजे पैशाला मज्जाव करणारा नियम वरून निःस्वार्थी दिसतो, पण प्रत्यक्षात तो दारावरचा पहारेकरी असतो. ते सहा शिलिंग भ्रष्टाचार नव्हते. तो न्याय होता. म्हणून 'पैसा आला की खेळ बिघडतो' हे वाक्य आपल्याला पहिल्याच पायरीवर सोडून द्यावं लागतं.

आता पुढचा प्रश्न. हे सहा शिलिंग आले कुठून? गेटमनीतून. दारावर नाणं टाकून आत येणाऱ्या माणसांकडून. आणि मग एक गंमत झाली. खेळाडूला पैसे द्यायचे तर प्रेक्षक हवेत, प्रेक्षक हवेत तर खेळ बघण्याजोगा हवा. १८९७ मध्ये लाइनआउट काढून टाकलं, कारण चेंडू सारखा बाहेर आणि खेळ सारखा थांबलेला. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले, म्हणजे धावायला जागा झाली. पाडलेल्या खेळाडूनं उठायचं आणि चेंडू पायानं मागे सरकवून खेळ पुढे चालू ठेवायचा, हाही नियम तेव्हाच आला. आज रग्बी लीगची जी ओळख आहे, ती अशी प्रेक्षकांच्या गरजेतून घडत गेली.

आपल्याकडे २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. मातीऐवजी मॅट, तीस सेकंदांची चढाई, दिव्यांच्या झोतातलं बंदिस्त मैदान. ते बघून जुन्याजाणत्यांनी नाकं मुरडली. पण प्रेक्षकासाठी खेळ बदलणं हे काही आजचं पाप नाही. आधी हे विचारावं की बदलानंतर खेळातलं कौशल्य वाढलं की आटलं.

अॅलस्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञानं १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात एक साधं उदाहरण दिलं आहे. एका लहान मुलाला बुद्धिबळ शिकवायचंय. त्याला सांगितलं, खेळलास तर खाऊ, जिंकलास तर जास्त खाऊ. जोवर ते खाऊसाठी खेळतंय, तोवर संधी मिळाली तर ते फसवणूक करेल. पण हळूहळू त्याला खुद्द खेळातलं काही आवडू लागतं, ते डावपेच, ती एकाग्रता. मग फसवलं तर स्वतःचंच नुकसान. खाऊ म्हणजे बाह्य लाभ, खेळातला आनंद म्हणजे अंतर्गत लाभ. पण मॅकिन्टायर पुढे असंही म्हणतो की कुठलाही खेळ, कला, शास्त्र संस्थेशिवाय टिकत नाही आणि संस्था पैशाशिवाय चालत नाही. म्हणजे पैसा लागणारच. धोका आहे, पण त्याला टाळून जाण्याचा रस्ता नाही.

मग पाहायचं काय? आमचं म्हणणं असं आहे की पैसा किती आला यापेक्षा तो किती हातांतून आला हे बघावं. हजारो हातांतून थोडा थोडा येतो, की एकाच हातातून पुष्कळ?

५ मे १९५४. ब्रॅडफर्डचं ओड्सल मैदान, जुन्या खाणीच्या खड्ड्यात तयार झालेलं. चॅलेंज कपची फेरलढत, हॅलिफॅक्स विरुद्ध वॉरिंग्टन. दिवस बुधवार, वेळ संध्याकाळची. अधिकृत आकडा १,०२,५६९ प्रेक्षक. यातला एकेक माणूस घेतला तर त्याची ताकद शून्य. पण ते सगळे मिळून क्लबचे मालकच होते म्हणा ना, कागदावर नसले तरी. ते आले नाहीत तर क्लब बंद.

मग टीव्ही आला. १९६५ मध्ये बीबीसी टू या वाहिनीनं फ्लडलिट ट्रॉफी सुरू केली. वाहिनीचे प्रमुख तेव्हा डेव्हिड अॅटनबरो होते, पुढे वन्यजीवपटांमुळे जगाला माहीत झालेले. स्पर्धेत उतरायचं तर मैदानावर दिवे हवेत, म्हणून क्लबांनी खांब उभारले. १९६६ मध्ये चार टॅकलनंतर चेंडूवरचा हक्क सोडायचा, हा नियम याच स्पर्धेत करून पाहिला. १९७२ मध्ये चाराचे सहा झाले. इथवर टीव्ही पाहुणा होता. पाहुण्यासाठी घर थोडं आवरलं, एवढंच.

१९९५ मध्ये तो मालक व्हायला निघाला. रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीनं इंग्लंडच्या क्लबांपुढे ७ कोटी ७० लाख पौंडांचा पाच वर्षांचा प्रस्ताव ठेवला. नवी 'सुपर लीग' काढायची, हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात खेळायचं, आणि शेजारचे क्लब एकमेकांत विलीन करायचे. वेकफील्ड, कॅसलफर्ड आणि फेदरस्टोन हे तीन क्लब मिळून 'काल्डर' नावाचा एक क्लब होणार होता. नकाशावर बघितलं तर अगदी शहाणपणाचं, तिन्ही गावं जवळजवळ. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या गावाला हरवण्यासाठीच शनिवार-रविवार घालवले, त्यांना सांगायचं की आता तुम्ही आणि ते एकच? लोक रस्त्यावर आले. विलीनीकरण मागे घ्यावं लागलं आणि रक्कम ८ कोटी ७० लाखांवर गेली. उन्हाळा मात्र राहिला. १९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाली आणि पॅरिसमध्ये एक नवाकोरा संघ उभा केला गेला. तो दोन मोसमांत बंद पडला. संघ विकत घेता येतो, प्रेक्षकांच्या आठवणी विकत घेता येत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगू, नाहीतर आम्ही फक्त हळहळ विकतोय असं व्हायचं. गेटमनीच्या काळात सोनं पिकत नव्हतं. खाणी आणि गिरण्या बंद पडत गेल्या तसे दारावरचे पैसेही आटले. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि जुनी मैदानं नीट करण्याचा खर्च क्लबांना झेपेना. विगनचं सेंट्रल पार्क गेलं, तिथे सुपरमार्केट उभं राहिलं. हॅलिफॅक्सचं थ्रम हॉल गेलं, तिथेही सुपरमार्केट. टीव्हीच्या पैशानं बहुतेक मोठ्या क्लबांचे खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाले. दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी सराव, हे संपलं. १८९५ च्या न्यायाचं हे पुढचं पाऊलच होतं. ते नाकारणं कृतघ्नपणा ठरेल.

पण एका हातातून पैसा आला की त्या हाताला हिशेब सोपा हवा असतो. सिडनीत काय झालं बघा. साउथ सिडनी हा १९०८ च्या पहिल्या स्पर्धेपासूनचा क्लब. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात दोन स्पर्धा समोरासमोर चालल्या, मग १९९८ मध्ये एकत्र येऊन एनआरएल झाली आणि संघ १४ वर आणायचं ठरलं. १९९९ च्या अखेरीस साउथ सिडनीला वगळलं. हजारो माणसं सिडनीच्या रस्त्यांवर उतरली, क्लब न्यायालयात गेला, आणि २००२ मध्ये संघ परत आला. पुढे २००३ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयानं कायद्याचा निकाल क्लबच्या विरुद्ध दिला. तरी क्लब राहिला! आणि २०१४ मध्ये, ४३ वर्षांनंतर, विजेता झाला. कायद्यानं ती माणसं ग्राहकच होती. पण ग्राहक दुकान बंद झालं तर दुसऱ्या दुकानात जातो, मोर्चा काढत नाही.

आणि आज? इंग्लंडमध्ये क्लबांना गुण देऊन श्रेणी ठरवली जाते. मैदानावरच्या कामगिरीला २५ टक्के, चाहत्यांना २५, आर्थिक स्थितीला साडेबावीस, स्टेडियमला १५, परिसरातल्या स्थानाला साडेबारा. २०२३ मध्ये लंडन ब्रॉन्कोज संघ अंतिम सामना जिंकून वरच्या गटात आला, आणि काही दिवसांतच प्राथमिक गुणांकनात तो चोविसावा ठरला. म्हणजे मोसम सुरू होण्याआधीच हाकलले जाणार हे जवळपास पक्कं. २०२५ ला ते वर नव्हते. या पद्धतीमागे तर्क आहे, क्लब बुडू नयेत हा. पण 'चाहते' हा रकाना झाला, की चाहता मोजला जातो, विचारला जात नाही.

आपल्याकडे आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क सुमारे ४८,३९० कोटी रुपयांना गेले, तेही दोन-तीन खरेदीदारांकडे. मग सामना रात्री किती वाजता सुरू व्हावा, तिकीट काढणारा शेवटच्या लोकलनं घरी कसा जाईल, हे प्रश्न कुणी कुणाला विचारायचे?

तर मित्रहो, पैसा हा खेळाचा शत्रू नाही. गिरणी कामगाराला तो हक्कानं मिळाला. पण ज्याच्या हातून पैसा येतो त्यालाच खेळ उत्तर देतो. म्हणून क्लब कसाही असो, त्याच्या उत्पन्नाचा काही भाग तरी दारावर नाणं टाकणाऱ्या माणसाकडून आला पाहिजे, आणि तो जाणवण्याइतका मोठा असला पाहिजे. तेवढ्यापुरतं तरी त्याला 'नाही' म्हणता येतं. मैदान म्हणजे फक्त बसायची जागा नव्हे; हे 'नाही' एकत्र म्हणायची ती जागा आहे. ओड्सलच्या त्या लाखभर माणसांकडे ती होती. घरी पडद्यासमोर एकटे बसलेले आपण फार तर वाहिनी बदलतो.

पुढच्या वेळी 'ग्राहक' आणि 'नागरिक' या दोन शब्दांकडे जाऊ. प्रश्न असतील तर आता घेऊ. आम्ही इथे थांबतो.