तेंदू नको म्हणणारं गाव

चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याला लागून असलेल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली तिथल्या ग्रामसभेला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गाव चालवायचं ठरलं, पण तेंदूपत्ता मात्र तोडायचा नाही असंही ठरलं. चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदू म्हणजे ऐन उन्हाळ्यात हातात पडणारा रोख पैसा. तो कोणी सुखासुखी सोडत नाही.

कारण साधं होतं. कोवळा पत्ता भरपूर फुटावा म्हणून हंगामाआधी खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी होते, अनेक ठिकाणी आगही लावली जाते. छाटलेल्या झाडाला टेंभरं (तेंदूची फळं) धरत नाहीत, म्हणजे माणसाचं आणि अस्वलाचंही खाणं गेलं. आणि वणवा तेंदूच्या झुडपापाशी थांबत नाही.

हवामान बदलाच्या चष्म्यातून पाहिलं, तर हा निर्णय आणखी शहाणपणाचा वाटतो. या भागात पारा 47-48 अंशांवर जातो. अशा उन्हात जमिनीवरचा पालापाचोळा हीच ओलाव्याची राखण. तो जळाला की माती उघडी पडते, पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जाते. बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) पावसाच्या सुरुवातीला जमिनीतून वर येतात आणि एकाच पावसाळ्यात पुरी उंची गाठतात. नेमक्या त्याच वेळी पाऊस आठ-पंधरा दिवस दडी मारतो, तेव्हा बेटाच्या बुडाशी ओल किती टिकली यावर पुढची पिढी ठरते. पाऊस आपल्या हातात नाही; पाला राखणं आहे.

हे सगळं गावच ठरवतं, मग परिसरशास्त्रज्ञाचं काम काय? माधव गाडगीळांचं उदाहरण घ्या. 1970 च्या दशकात कर्नाटकात कागद गिरण्यांना पुरणारा बांबू का संपतोय, हे ते शोधत होते. तोडणी सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करावं, असा शिरस्ता होता. गावकरी सांगत होते की ते जाळंच कोवळ्या कोंबांना गुराढोरांपासून वाचवतं. गाडगीळांनी मोजमाप केलं. गावकरी बरोबर निघाले. विदर्भात पुढे मेंढा-लेखा, पाचगावसारख्या ग्रामसभांशी त्यांचं नातं जुळलं तेही याच रीतीनं. माहीतगार माणसाचं ऐकायचं, मग पडताळून पाहायचं. मला तरी या विद्येचा सगळ्यात उपयोगी भाग हाच वाटतो.

वन विभागाची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांसाठी बनते. ग्रामसभा मात्र यंदाचा पाऊस पाहून पुढच्या वर्षीची तोड कमी करू शकते, कोवळे बांबू राखून जून तेवढे काढू शकते. लहरी हवामानात ही लवचीकता फार मोलाची. अर्थात, व्यापारी वेळेवर आला तर!

खरी परीक्षा पुढे आहे. आपल्याकडचा हा बांबू काही दशकांनी मोठ्या टापूत एकदम फुलतो, बी धरतो आणि वाळून मरतो. उभं जंगल सरपण होतं. त्या उन्हाळ्यात एक ठिणगी खालची सगळी रोपं नेऊ शकते. नवं बेट तोडणीला यायला बरीच वर्षं लागतात. तेवढा काळ जाळरेषा साफ ठेवणाऱ्यांची मजुरी कुठून द्यायची, याची तजवीज बांबू हिरवा आहे तोवरच ग्रामसभेला करावी लागेल.