पाण्याचे नाव आणि भाषांचे नाते

हंगेरियन भाषेत पाण्याला 'वीझ' म्हणतात आणि न्यूझीलंडच्या माओरीत 'वाइ'. ध्वनी जवळचे वाटले तरी हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, कारण पहिल्या शब्दाचे नाते फिनिश 'वेसि'शी, म्हणजे युरालिक कुळाशी आहे, तर दुसऱ्याचे हवाईयन 'वाइ'शी, म्हणजे ऑस्ट्रोनेशियन कुळाशी. कुळ म्हणजे एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या भाषांचा समूह, आणि ते ठरते ध्वनींतील नियमित फरकावरून. शहापूर-मुरबाडच्या ठाकरपाड्यांवर 'पाणी'चे 'पानी' होते तसे 'कोण'चे 'कोन'ही होते; हा नियमितपणाच नात्याचा खरा पुरावा होय. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात ठाकरी, वारली आणि कातकरी या बोली मराठीसोबतच नोंदवल्या आहेत. म्हणून ठाकर मुलांच्या तोंडून वर्गात ऐकू येणारा हा 'न' अशुद्ध समजून कोणी खोडून काढू नये.