लेह आणि गंगोत्री : दोन ग्रॅनाइट, दोन जन्मकथा

जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल शिलारस गोठला की ग्रॅनाइट तयार होतो. वरच्या खडकांच्या पांघरुणाखाली तो इतका सावकाश निवतो की त्यातले स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसण्याएवढे वाढतात. पण हा शिलारस आला कुठून, याचे उत्तर प्रत्येक ग्रॅनाइटचे निराळे असते. हिमालय आणि लडाखमध्ये अशी दोन उत्तरे शेजारीशेजारी उभी आहेत.

लेहहून खारदुंग लाकडे चढणारा रस्ता ग्रॅनाइटच्या एका अवाढव्य पट्ट्यातून जातो. करड्या दगडात हॉर्नब्लेंडचे काळे दाणे दिसतात आणि मधूनमधून गर्द रंगाची गोलसर ठिगळे. या पट्ट्याचा बराचसा भाग ६ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा टेथिस महासागराचा तळ आशियाच्या दक्षिण काठाखाली सरकत होता. खोलवर जाताना त्या तळातल्या खनिजांत मुरलेले पाणी सुटले आणि वरच्या प्रावरणात शिरले. पाण्यामुळे खडक बऱ्याच कमी तापमानाला वितळतो; शिलारसाचा उगम इथे झाला. पाण्याबरोबर वर येणारे बेरियम या खडकांत भरपूर असते, पाण्याला दाद न देणारे नायोबियम मात्र कमी. भूपट्ट खाली गेल्याची ही सर्वांत बोलकी खूण आहे.

गंगोत्रीचा ग्रॅनाइट जवळजवळ पांढरा. त्यात हॉर्नब्लेंड नाही. चमचमणारे पांढरे अभ्रक, टूर्मलीनच्या काळ्या कांड्या आणि क्वचित गार्नेटचे लालसर मणी आहेत. तो सुमारे सव्वादोन कोटी वर्षांचा, म्हणजे टेथिस मिटून भारत आशियाला भिडल्यानंतरचा. टकरीने कवच जाड झाले आणि त्याच्या पोटात गाडलेले, मूळचे चिखलगाळाचे खडक तापून काही अंशी वितळले. मातीत ॲल्युमिनियम विपुल असते, त्यामुळे अभ्रक आणि गार्नेट. टूर्मलीनला लागणारे बोरॉनही त्या गाळातलेच.

शंका उरलीच तर ती स्ट्रॉन्शियम फेडते. रुबिडियम-८७ अतिशय मंद गतीने स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलते. जुन्या कवचात रुबिडियम पुष्कळ, प्रावरणात अगदी थोडे. म्हणून स्ट्रॉन्शियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८६ शी गुणोत्तर लडाखमध्ये ०.७०५ च्या आसपास, तर गंगोत्रीत ०.७४ च्याही वर भरते.

शिवलिंग शिखर याच पांढऱ्या ग्रॅनाइटचे. शेजारच्या भागीरथी-३ वर मात्र उजळ कड्याच्या माथ्यावर काळ्या पाटीच्या दगडाची टोपी आहे. शिलारस ज्या गाळखडकांत घुसला, त्यांचे ते छप्पर अजून शाबूत आहे.