काळाचे चाक उलटे फिरवणारा खेळ

गेलेली वेळ परत येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण संगणकावरील एका खेळात ती परत येते, आणि तीही केवळ एक बटण दाबून! ही किमया कशी साधते? आणि खेळात जे जमते ते निसर्गात का जमत नाही? या दोन प्रश्नांचा येथे विचार करू.

या खेळाचे नाव ‘ब्रेड’. पावाशी याचा संबंध नाही. या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे वेणी. जोनाथन ब्लो या अमेरिकन आज्ञावलीकाराने तो रचला आणि डेव्हिड हेलमन यांनी त्यातील चित्रे काढली. ऑगस्ट २००८ मध्ये तो ‘एक्सबॉक्स ३६०’ या खेळयंत्रासाठी प्रसिद्ध झाला. मोठ्या कंपनीच्या शेकडो माणसांऐवजी एखाददुसऱ्या व्यक्तीने किंवा छोट्या गटाने स्वतंत्रपणे केलेल्या अशा खेळांना ‘इंडी’ खेळ म्हणतात.

खेळाचा नायक टिम. त्याने धावायचे, शिड्या चढायच्या, उंचसखल ओट्यांवरून उड्या मारायच्या आणि चित्रकोड्याचे तुकडे गोळा करायचे. टिम खड्ड्यात पडला किंवा शत्रूला धडकला तरी खेळ संपत नाही. बटण दाबून धरले की पडद्यावरचे सारे उलट्या क्रमाने घडू लागते. पडलेला टिम वर येतो, मेलेला शत्रू जिवंत होतो, संगीतसुद्धा उलटे वाजते. हव्या त्या क्षणी बटण सोडायचे आणि तेथून पुन्हा खेळायचे.

उलटे गणित का चालत नाही?

एखाद्याला वाटेल, यात अवघड ते काय? टिम कोठे आहे आणि किती वेगाने जात आहे यावरून पुढच्या क्षणी तो कोठे असेल हे संगणक काढतो. तेच गणित उलटे केले की मागचा क्षण मिळाला!

पण थोडा विचार करा. ३ आणि ५ यांची बेरीज ८, हे कोणीही सांगेल. आता उलट विचारा: ८ ही कोणत्या दोन संख्यांची बेरीज? १ आणि ७, २ आणि ६, ४ आणि ४, उत्तरे अनेक. खेळातही असेच होते. टिमने लहान उडी मारली किंवा मोठी मारली, तरी जमिनीवर टेकताच त्याचा वेग शून्य होतो. दोन्ही वेळा तो त्याच जागी उभा. त्या उभ्या टिमकडे पाहून उडी कोणती होती हे सांगता येईल काय? मुळीच नाही. अनेक भूतकाळ एकाच वर्तमानात येऊन मिळाले, की केवळ वर्तमानावरून मागे जाण्याची वाट उरत नाही.

म्हणून ब्लो यांनी दुसरा मार्ग धरला: खेळ चालू असतानाच प्रत्येक क्षणाची नोंद ठेवायची आणि बटण दाबल्यावर त्या नोंदी शेवटाकडून वाचायच्या.

नोंदीला जागा लागते

यासाठी किती जागा लागेल, याचा एक ढोबळ हिशेब करू. समजा, सेकंदाला ६० नोंदी घ्यायच्या आहेत. अर्ध्या तासाच्या १,८०० सेकंदांत १,०८,००० नोंदी होतील. पडद्यावर १०० वस्तू आहेत आणि प्रत्येकीची स्थिती व वेग लिहिण्यास २० बाइट लागतात असे धरू. मग एका नोंदीला २,००० बाइट आणि सर्व मिळून २१ कोटी ६० लाख बाइट लागतील! त्या खेळयंत्राची स्मृती होती ५१२ मेगाबाइट, म्हणजे सुमारे ५४ कोटी बाइट. तिचा बराच मोठा भाग नोंदींनीच व्यापला असता.

यावर उपाय आहे. जी वस्तू बदललीच नाही ती पुन्हा कशाला लिहायची? मधूनमधून एक पूर्ण नोंद ठेवावी आणि बाकीच्या वेळी फक्त फरक टिपावा. १०० पैकी १० वस्तूच हलत असतील तर काम जवळजवळ दहाव्या हिश्श्यात भागते.

निसर्गाची वही

आता निसर्गाकडे वळू. दुधात साखर विरघळली की ती आपोआप वेगळी होत नाही. गंमत अशी की एकेका रेणूच्या गतीचे नियम मात्र उलट दिशेनेही तितकेच बरोबर ठरतात. १८७६ मध्ये योहान लोश्मिट यांनी हीच शंका काढली: सर्व रेणूंचे वेग एकदम उलटे केले तर घडलेले सारे पुन्हा उलगडणार नाही काय? लुडविग बोल्ट्झमन यांचे उत्तर संभाव्यतेचे होते. रेणू विखुरलेले असण्याचे प्रकार इतके अगणित आहेत, आणि नीट वेगळे असण्याचे इतके थोडे, की ती उलट चाल आपोआप घडण्याची वाट पाहणे व्यर्थ.

उंचावरून टाकलेला मातीचा गोळा जमिनीवर आपटून थांबतो, तेव्हा त्याची ऊर्जा नष्ट होत नाही. ती उष्णता व ध्वनी होऊन असंख्य रेणूंत विभागली जाते. निसर्गाने नोंद पुसलेली नसते, ती इतकी विखुरलेली असते की आपल्याला गोळा करता येत नाही.

संगणकातील नोंद पुसणेही फुकटात होत नाही. १९६१ मध्ये रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवले, की एक बिट माहिती पुसताना परिसरात ठरावीक किमान उष्णता सोडावीच लागते. २७ अंश सेल्सिअसला ती अत्यल्प असते: २.९ ज्यूलला १ वर २१ शून्ये असलेल्या संख्येने भागल्यावर येते तेवढी. २०१२ मध्ये प्रयोगानेही याला दुजोरा मिळाला.

न विसरणारा खेळाडू

‘ब्रेड’मधील काही हिरव्या चमकत्या वस्तूंवर काळ उलटण्याचा परिणाम होत नाही. समजा, अशी एक किल्ली खोल खड्ड्यात आहे. उडी मारली तर किल्ली मिळेल, पण वर येता येणार नाही. तरीही बेधडक उडी मारायची, किल्ली घ्यायची आणि काळ मागे न्यायचा! टिम पुन्हा काठावर येतो, आणि किल्ली त्याच्या हातातच राहते.

खेळणाऱ्याचा मेंदूही त्या किल्लीसारखाच आहे. पडद्यावरचा काळ मागे जातो, पण फसलेल्या उडीची आठवण खेळाडूजवळ राहते, म्हणून पुढची उडी सुधारते. ती आठवणही मागे गेली असती तर तो त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडत राहिला असता. प्रयोगशाळेत फसलेल्या प्रयोगाचीही नोंद वहीत का ठेवायची, याचे उत्तर येथेच आहे.

करून पहा

बुद्धिबळाच्या पटावर दोघांनी दहा-दहा खेळ्या करा आणि प्रत्येक खेळी वहीत लिहा. मग तिसऱ्या मित्राला फक्त पट दाखवून आधीच्या खेळ्या ओळखायला सांगा. शेजारच्या उभ्या ओळीत सरकलेले प्यादे पाहून त्याने काहीतरी मारले हे त्याला कळेल. पण बाहेर जाऊन मूळ घरी परतलेला घोडा? त्याचा प्रवास फक्त तुमच्या वहीतच सापडेल. आणखी कोणत्या खेळ्या पटावर खूण ठेवत नाहीत, याची यादी करा.